स्वतःची भाषा, स्वतःची शाळा : वळिवड्याच्या पोलिश छावणीचा धडा

हुपरीहून कोल्हापूरला जा-ये करणाऱ्या आपल्या लोकांना गांधीनगरची कापडपेठ चांगली परिचयाची आहे. लग्नाचा बस्ता बांधायला आसपासच्या गावांतील कितीतरी कुटुंबे तेथे जातात. या पेठेला लागूनच वळिवडे हे गाव आहे. या गावाच्या शिवारात १९४३ ते १९४८ या काळात पोलंड देशातील सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती, हे आजच्या तरुण पिढीतील फारच थोड्यांना ठाऊक असेल. त्या छावणीत पोलिश मुलांसाठी पोलिश भाषेच्या शाळा होत्या. स्वतःचे घर नाही, देश परक्यांच्या ताब्यात, उद्या कोठे जायचे याचा पत्ता नाही. अशा माणसांनी आपल्या मुलांची शाळा मात्र सुटू दिली नाही. शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत या इतिहासाची आठवण करून देणे उचित ठरेल, कारण त्या शाळांचा आणि आपल्यासारख्या संस्थांना घटनेने दिलेल्या हक्काचा संबंध वरवर दिसतो त्यापेक्षा बराच जवळचा आहे.

हे लोक येथे आले कसे, ते प्रथम पाहू. १९३९ च्या सप्टेंबरात जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले आणि तो देश आपसांत वाटून घेतला. पूर्व पोलंडमधील लक्षावधी लोकांना १९४० व १९४१ मध्ये घराबाहेर काढून, मालगाड्यांत भरून सैबेरिया व कझाकस्तानात नेण्यात आले. थंडी, उपासमार व रोगराई यांनी अनेकांचा बळी घेतला. पुढे जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील पोलिश सरकार व सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला आणि या लोकांची सुटका झाली. १९४२ साली एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक व नागरिक कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आले. इराणच्या जनतेने त्यांना आसरा दिला. इस्फहान शहरात तर इतकी पोलिश मुले राहिली की ‘पोलिश मुलांचे शहर’ असे नाव त्या शहराला मिळाले.

इराणातून काही जण आफ्रिकेत गेले, काही हिंदुस्थानात आले. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ साली बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी छावणी उभारली. त्यानंतर कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे मोठी वसाहत वसविण्यात आली. १९४३ च्या पावसाळ्याच्या सुमारास कराचीमार्गे त्यांचे जथे येऊ लागले. पुरुष बहुतेक सैन्यात गेलेले होते, त्यामुळे छावणीत स्त्रिया, वृद्ध आणि मुलेच अधिक होती. १९४६ साली बालाचडीची छावणी बंद झाली, तेव्हा तेथील मुलांपैकी पुष्कळजण वळिवड्यालाच आली.

या वसाहतीत बराकींच्या रांगा होत्या, प्रार्थनामंदिर होते, दवाखाना होता, नाट्यगृह होते, बालवीरांची पथके होती. परंतु त्या सर्वांत मोठा पसारा होता तो शाळांचा. प्राथमिक शाळांबरोबर माध्यमिक व उच्च माध्यमिक वर्ग होते, धंदेशिक्षणाचीही सोय होती. पुस्तकांचा तुटवडा होता. त्या काळी जेरुसलेमसारख्या दूरच्या शहरांत निर्वासित मुलांसाठी पोलिश पाठ्यपुस्तके छापून घ्यावी लागत. शिक्षक सैबेरियाच्या हालअपेष्टांतून वाचलेले होते, आणि त्यांत स्त्रियांचा भरणा होता. अशा स्थितीत मुले आपल्या भाषेत लिहायला-वाचायला शिकली, आपल्या देशाचा इतिहास व भूगोल शिकली, शालान्त परीक्षा देऊन बाहेर पडली. छावणीतील शिक्षणाचा खर्च प्रारंभी लंडनमधील पोलिश सरकारकडून होई. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली. म्हणजे ज्या सरकारच्या नावाने ही शाळा चालली होती, ते सरकार जगाच्या लेखी एका दिवसात नाहीसे झाले. तरीही वसाहतीतील लोकांनी शाळा चालूच ठेवल्या. १९४८ साली छावणी उठली आणि ही कुटुंबे इंग्लंड, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशा अनेक देशांत विखुरली. काही मायदेशी परतली.

येथे एखादा विचारील की, पोटाची भ्रांत असताना या लोकांना भाषेचा एवढा आग्रह कशासाठी? मुलांना कोल्हापुरातील एखाद्या इंग्रजी शाळेत घातले असते तर काय बिघडले असते? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या मागील दीडशे वर्षांच्या इतिहासात आहे.

१७७२, १७९३ व १७९५ अशा तीन वेळा रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया या राज्यांनी पोलंडचे तुकडे केले आणि १७९५ नंतर तो देश नकाशावरून पुसला गेला. १९१८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सव्वाशे वर्षे, पोलिश माणूस आपल्याच भूमीत परक्या राज्याचा प्रजाजन होता. १८६३ च्या उठावानंतर रशियाने आपल्या ताब्यातील भागात शाळांतून पोलिश भाषेची हकालपट्टी सुरू केली. तेव्हा वॉर्सा शहरात लोकांनी घराघरांत गुपचूप वर्ग भरविले. पोलिसांचा सुगावा लागू नये म्हणून हे वर्ग जागा बदलत, म्हणून त्याला ‘फिरते विद्यापीठ’ असे नाव पडले. रेडियमचा शोध लावणाऱ्या आणि दोन वेळा नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या मारी क्युरी या मूळच्या वॉर्साच्या. मुलींना विद्यापीठाचे दरवाजे बंद असताना त्यांनी याच फिरत्या विद्यापीठात धडे घेतले होते.

जर्मन भागात तर धर्मशिक्षणाचा तासही जर्मन भाषेतून घेण्याची सक्ती झाली. २० मे १९०१ रोजी व्झेश्न्या नावाच्या लहानशा गावात, जर्मन भाषेतून धर्माचे धडे म्हणण्यास मुलांनी नकार दिला म्हणून शिक्षकांनी त्यांना छड्यांनी झोडपून काढले. मुलांच्या किंकाळ्या ऐकून पालक शाळेभोवती जमले. सरकारने मारणाऱ्यांना सोडून पालकांवरच खटला भरला आणि अनेकांना तुरुंगात धाडले. नेपोमुत्सेना प्यासेत्स्का या मातेला तर अडीच वर्षांची शिक्षा झाली. पण त्यामुळे लोक दबले नाहीत. १९०६-०७ मध्ये हा बहिष्कार गावोगाव पसरला आणि हजारो मुले त्यात सामील झाली. वळिवड्यात ज्या आज्या-आजोबांनी नातवंडांना बोट धरून शाळेत नेले, त्यांच्या लहानपणी हा इतिहास घडलेला होता. मुलाची भाषा शाळेबाहेर गेली की काही काळाने ती घराबाहेरही जाते, आणि मग आजीची प्रार्थना नातवाला कळेनाशी होते, हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

पहिल्या महायुद्धानंतर पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला. त्या वेळी विजयी राष्ट्रांनी त्याच्यापुढे एक अट घातली. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या मोठ्या तहाबरोबरच पोलंडशी एक वेगळा तह करण्यात आला. त्या तहाने पोलंडमधील जर्मन, ज्यू, युक्रेनी वगैरे अल्पसंख्याकांना दोन हक्क देण्यात आले. एक, स्वतःच्या खर्चाने धार्मिक, सामाजिक व शैक्षणिक संस्था काढणे, चालविणे आणि तेथे आपली भाषा वापरणे. दुसरा, जेथे त्यांची वस्ती लक्षणीय असेल तेथे सरकारी प्राथमिक शाळांत त्यांच्या भाषेतून शिक्षण मिळणे. अशा प्रकारच्या करारांतील हा पहिला. याच नमुन्यावर पुढे मध्य व पूर्व युरोपातील इतर देशांशी करार झाले आणि त्यांच्या पालनावर राष्ट्रसंघाने देखरेख ठेवावी असे ठरले.

या ठिकाणी इतिहासाने एक कडू सत्यही नोंदवून ठेवले आहे, ते लपविणे बरे नव्हे. ज्या पोलिश लोकांनी मुलांच्या पाठीवर वळ सोसले, त्यांच्याच स्वतंत्र सरकारने १९२४ मध्ये एक कायदा केला. त्यामुळे पूर्व भागातील युक्रेनी शाळांचे द्विभाषिक शाळांत रूपांतर होऊ लागले आणि निव्वळ युक्रेनी भाषेच्या शाळांची संख्या झपाट्याने घटली. १९३४ साली तर पोलंडने १९१९ च्या कराराची देखरेखच नाकारली. इतर मोठ्या देशांवर असे बंधन नाही, मग आमच्यावरच का, असे त्याचे म्हणणे होते. तक्रारीत तथ्य होते. जर्मनीत राहणाऱ्या पोलिश लोकांना, अप्पर सायलेशियाचा भाग सोडला तर, असे संरक्षण नव्हतेच. १९२२ साली त्यांनी आपला संघ स्थापन केला आणि १९३२ मध्ये बायटम येथे पोलिश माध्यमिक शाळा मोठ्या कष्टाने उभी केली. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच नाझी राजवटीने हे सर्व मोडून काढले. तेव्हा बोध असा की, जो हक्क आपण आपल्यासाठी मागतो तोच दुसऱ्याला देण्याची तयारी ठेवली नाही, तर तो हक्क शेवटी कोणाच्याच कामी येत नाही.

याच करारांच्या माळेतून एक महत्त्वाचा निकाल निघाला. अल्बानिया देशाने १९३३ साली आपल्या हद्दीतील सर्व खाजगी शाळा बंद केल्या. त्यामुळे तेथील ग्रीक अल्पसंख्याकांच्या शाळाही बंद पडल्या. सरकारचे म्हणणे असे की, कायदा सर्वांना सारखाच लागू आहे, बहुसंख्याकांच्या खाजगी शाळाही आम्ही बंद केल्या आहेत, मग यात अन्याय कोठे? हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ६ एप्रिल १९३५ रोजी बहुमताने हे म्हणणे फेटाळले. न्यायालयाचा मथितार्थ असा होता की, कागदावरची समानता पुरेशी नसते. बहुसंख्याकांच्या गरजा सरकारी शाळा भागवतात. अल्पसंख्याकांची भाषा व परंपरा जपणारी शाळा मात्र त्यांच्या स्वतःच्या संस्थेखेरीज दुसरे कोणी चालवीत नाही. ती बंद केली म्हणजे प्रत्यक्षातली समानताच बंद होते.

आता हा धागा आपल्या देशात कसा येतो ते पाहावे. स्वतंत्र भारताची घटना तयार होत असताना अल्पसंख्याकांच्या भाषिक व शैक्षणिक हक्कांवर सखोल चर्चा झाली. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक गोष्ट स्पष्ट केली. अल्पसंख्य हा शब्द येथे केवळ धर्मापुरता नाही. बंगालात जाऊन राहिलेला महाराष्ट्रीय माणूसही तेथे भाषेच्या व संस्कृतीच्या दृष्टीने अल्पसंख्यच आहे आणि त्यालाही हे संरक्षण मिळेल. घटनेच्या २९ व्या कलमाने प्रत्येक समूहाला आपली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क दिला. ३० व्या कलमाने धर्माने किंवा भाषेने अल्पसंख्य असणाऱ्या सर्वांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. १९५६ साली ३५० अ हे कलम जोडले गेले आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी पुरेशा सोयी करण्याचे काम राज्यांवर व स्थानिक संस्थांवर सोपविण्यात आले.

१९७४ साली अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ३० व्या कलमाचा अर्थ विशद केला. त्या वेळी निकालपत्रांत अल्बानियाच्या शाळांच्या याच निकालाचा आधार घेण्यात आला. म्हणजे १९१९ साली पोलंडच्या करारातून जी परंपरा सुरू झाली, तिचा विचार फिरून आपल्या न्यायालयात आला आणि आपल्यासारख्या छोट्या संस्थांच्या पाठीशी उभा राहिला. अर्थात न्यायालयांनी एक मर्यादाही वारंवार सांगितली आहे. संस्था चालविण्याच्या हक्कात गैरकारभार करण्याचा हक्क येत नाही. हिशेब चोख असावा, शिक्षक पात्र असावेत, मुलांचे नुकसान होता कामा नये.

२००२ साली सर्वोच्च न्यायालयाने, अल्पसंख्य कोण हे राज्य धरून ठरवावे, असे सांगितले. आपल्या भागाला या निर्णयाचा अर्थ समजण्यास फार लांब जावे लागत नाही. हुपरीत मराठी बोलणारा बहुसंख्य आहे. हाच माणूस सीमा ओलांडून निपाणीला गेला की तो भाषिक अल्पसंख्य होतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून बेळगाव-निपाणी भागातील मराठी जनता आपल्या भाषेसाठी आणि मराठी शाळांसाठी झगडत आहे, आणि तिच्याविषयी आपल्या सर्वांना कळवळा वाटतो. तो योग्यच आहे. पण निपाणीच्या मराठी शाळेचा जो हक्क, तोच जत व अक्कलकोट भागातील कानडी शाळेचा हक्क आणि तोच कोल्हापूर जिल्ह्यातील उर्दू शाळेचा हक्क. घटनेचे कलम एकच आहे. सीमाभागातील मराठी शाळेसाठी आवाज उठविताना उर्दू बोलणारा मनुष्य मागे राहू नये, आणि उर्दू शाळेची बाजू मराठी माणसाने मांडावी, हेच या इतिहासाचे मागणे आहे.

आपल्या जिल्ह्याला तर या बाबतीत थोर वारसा आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडून दिली. १९०६ साली त्यांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात मुस्लिम शिक्षणाची संस्था व वसतिगृह उभे राहिले. आपला समाज वेगळा पडावा असा त्यांचा हेतू नव्हता. मागे पडलेल्या मुलाने आपल्या माणसांच्या आधाराने शिकावे आणि मग सर्वांच्या बरोबरीने राज्यकारभारात यावे, ही त्यांची दृष्टी होती. स्वतःची संस्था म्हणजे भिंत असे समजणाऱ्यांनी महाराजांचे हे कार्य पुन्हा एकदा अभ्यासावे.

म्हणून आपल्या भाषेच्या हक्काबरोबर राज्याच्या भाषेचे कर्तव्यही येते. २००४ साली उषा मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, अल्पसंख्याकांच्या शाळांतही मराठी विषय आवश्यक करण्याचा महाराष्ट्र शासनाचा निर्णय उचलून धरला. २०२० साली राज्यातील सर्व शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे करणारा कायदा झाला. आपण याकडे ओझे म्हणून पाहू नये. आपल्या काही घरांत दखनी वळणाची उर्दू बोलली जाते, काही घरांत मराठीच बोलली जाते, आणि बाजारात, शेतावर, चांदीच्या कारखान्यात तर आपण सारे मराठीच बोलतो. ज्या मुलाला मराठी अर्ज लिहिता येत नाही, त्याला हुपरीत राहूनही परदेशात राहिल्यासारखे वाटेल.

आता पालकांना दोन शब्द. ६ मे २०१४ रोजी कर्नाटकातील शाळांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा अधिकार पालकाचा आहे, सरकारने ते लादू नये. मुलाला उर्दू शाळेत घालावे, मराठी शाळेत घालावे की इंग्रजी, हे सांगण्याचा अधिकार या लेखकाला नाही. निवड तुमची आहे. पण अधिकार आला की जबाबदारीही पदरात पडते. आज आपल्या भाषेच्या शाळेत येऊन मुलांना कोणी छडीने मारीत नाही. आजची शाळा बंद पडते ती पटसंख्या घटल्याने. दाखला एका शाळेत आणि मूल घरी कामाला, मुलगी सातवीनंतर घरात, पालकसभेला रिकाम्या खुर्च्या. अशाने घटनेतील कलम जिवंत राहत नाही. उर्दू शाळा हवी म्हणणाऱ्यांनी तेथे आपले मूल पाठविले पाहिजे, आणि ती शाळा गणितात व विज्ञानात इतरांच्या तोडीची व्हावी यासाठी शिक्षकांच्या मागे लागले पाहिजे. जे मराठी किंवा इंग्रजी माध्यम निवडतात, त्यांनी मुलाला घरची भाषा लिहिता-वाचता येईल एवढी रोज थोडी सवड काढली पाहिजे.

आपल्या गावात पैंजण घडविताना घरातल्या सर्वांचे हात लागतात. चांदीच्या बारीक कड्या एकात एक गुंतवून साखळी तयार होते, आणि एक कडी सुटली की सबंध पैंजण गळून पडते, हे येथील लहान मुलालाही माहीत आहे. भाषेचेही तसेच आहे. आजी, आई आणि मूल या तीन कड्या आहेत. मधली कडी म्हणजे आजचा पालक.

विद्यार्थी मित्रहो, वळिवड्याची छावणी उठल्यावर त्या जागी फाळणीमुळे घरदार सोडावे लागलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, आणि गांधीनगरची पेठ उभी राहिली. त्यांनीही आपली भाषा सोडली नाही, आणि १९६७ साली सिंधी भाषेला घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. एकाच गावच्या शिवाराने दोन विस्थापित समाजांना आपापल्या भाषेसह आसरा दिला, हा कोल्हापूरच्या मातीचा मोठेपणा होय. २०१९ च्या सप्टेंबर महिन्यात, त्या छावणीत बालपण गेलेले काही वृद्ध पोलिश स्त्री-पुरुष पुन्हा वळिवड्याला येऊन गेले. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा येथे, कोल्हापूरच्या या आदरातिथ्याचे स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे जाऊन पुष्पांजली वाहिली.

इस्लामने विद्या मिळविणे हे स्त्री-पुरुष दोघांचेही फर्ज मानले आहे, आणि घटनेने त्या फर्जासाठी स्वतःची शाळा काढण्याचा हक्क आपल्या हाती दिला आहे. पाच हजार बेघर माणसांनी सरकार नाहीसे झाल्यावरही जी शाळा चालविली, तेवढी शाळा घरदार असलेल्या आपल्या समाजाला चालविता येणे अवघड नाही. जूनमध्ये शाळेची घंटा वाजेल तेव्हा आपल्या घरातील एकही मुलगा आणि एकही मुलगी घरी राहणार नाही, एवढे जरी या वर्षी आपण केले, तरी पुष्कळ झाले.